भिंत नव्हे, कपाट

ओसाका,
९ सप्टेंबर २०१७

प्रिय शिझुनो वहिनीस,
तोमोएचे सप्रेम नमस्कार.

संत्र्यांची पेटी पोचली. पहिल्या हिरव्या संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि माझा एक डोळा जो मिटला तो बराच वेळ उघडेना. अगदी आपल्या टेकडीवरची, शंकाच नाही. फोन करणार होते, पण तू प्रत्येक वाक्याला 'काय?' म्हणतेस आणि बिल माझं वाढतं. वहिनी असलीस तरी वयाने माझ्याहून धाकटी आहेस, कान एवढे लवकर जायला नको होते. तेव्हा पत्रच बरं.

बातमी चांगली नाही. आमची चाळ पाडणार आहेत. खालच्या मजल्यावर टोफूचं दुकान चालवणारी मालकीणबाई वसंतात वारली, हे तुला कळवलं होतंच. तिच्या मुलांना तिथे गाड्या उभ्या करायचा तळ करायचा आहे. वर्षाअखेर खोली रिकामी करायची. ती बाई माझं भाडं कधी वाढवायची नाही. लाँड्रीतली इस्त्री सुटल्यापासून माझी पेन्शन तोंडी लावण्यापुरती आहे, भाडं वॉर्ड ऑफिसच्या साहाय्यातून जातं, हे तिला माहीत होतं, पण त्यावरून तिने कधी नाक मुरडलं नाही.

आता खोल्या बघत हिंडते आहे. अगं, काय सांगू तुला. दलाल आधी हसतमुखाने चहा देतो. मग वय विचारतो. बाहत्तर म्हटलं की हसू जरा आटतं. एकटीच का, तर हो. मग भाडं कुठून येणार म्हणून विचारतो आणि मी साहाय्याचं नाव काढलं की दातांतून हवा आत ओढतो, गरम सूप प्यायल्यासारखी. आमची काही हरकत नाही हो, पण मालक लोक जरा, असं म्हणून वाक्य तिथेच सोडून देतो. एकाने तर स्पष्टच सांगितलं की एकटी म्हातारी माणसं खोलीत मरतात आणि मग ती खोली कुणी घेत नाही. मी म्हटलं, मरताना मी बाहेर जाऊन मरेन. त्याने ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

आणि जे घ्यायला तयार आहेत, ते वर आभाराची रक्कम मागतात. आपल्याला खोली भाड्याने दिल्याबद्दल मालकाचे आभार मानायचे, ते रोख, आणि ती रक्कम परत नाही. वॉर्ड ऑफिस त्यातलं थोडंच देतं. मला या आभारांची इतकी शिसारी आली आहे की परवा वाण्याला धन्यवाद म्हणतानासुद्धा जीभ अडखळली.

काळजी करू नकोस. डोळ्यांचे थेंब वेळेवर घालते आहे. दादाच्या फोटोपुढे एक संत्रं ठेवलं आहे. लोभ आहे तो आंबट संत्र्यांसकट तसाच राहू दे.

तुझी,
तोमोए

⁕

वाकायामा,
१७ सप्टेंबर

ती. वन्संना,
शिझुनोचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसू आलं नाही. इकडे या असं मी दर वर्षी म्हणते आणि तुम्ही दर वर्षी नाही म्हणता, म्हणून या वेळी म्हणत नाही. बस तर आता आठवड्यातून दोनदाच येते आणि डोळ्यांचा डॉक्टर तीन गावं पलीकडे. ते तुमचं खरंच आहे.

पण वन्सं, घरचा माणूस असताना परक्या दलालांच्या पायऱ्या का झिजवता? आपला तेत्सुया ओसाकात हेच काम करतो की. ज्यांना कुणी दारात उभं करत नाही अशा वयस्कर, साहाय्यावर जगणाऱ्या लोकांना तो खोल्या देतो. आभाराची रक्कम नाही, जामीनदार नको, उलट देखरेखीला माणूस ठेवला आहे. त्याच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'कल्याणवाल्यांचे स्वागत', म्हणजे सरकारी साहाय्यावरच्यांचे. मी ते देवघराशेजारी लावलं आहे. यांना दाखवायचं राहून गेलं.

दोन वर्षांपूर्वी त्याने ती इमारत घेतली तेव्हा टेकडी तारण ठेवली आणि काही कागद माझ्या नावाने केले. कराच्या दृष्टीने तसं बरं असतं म्हणे. तो भराभर समजावत होता, मला निम्मं ऐकू आलं नाही, त्याने जिथे बोट ठेवलं तिथे सहीचा शिक्का मारला. मुलाच्या भल्यासाठी आईने अजून काय करायचं?

त्याला मी कालच फोन केला. आत्याला द्यायला खोली आहे म्हणतो, लगेच. तुम्ही संकोच करू नका. हवं तर मनातल्या मनात त्याला एक चापट मारा, लहानपणी मारायचात तशी, आणि मग हो म्हणा. थंडी वाढायच्या आत तुम्ही छपराखाली गेलात की मी सुटले.

आपली मर्जी अशीच असू द्यावी.

आपली,
शिझुनो

⁕

ओसाका,
२२ ऑक्टोबर

प्रिय शिझुनो वहिनीस,
सप्रेम नमस्कार.

आले बाई छपराखाली. तेत्सुया स्वतः टेम्पो घेऊन आला होता. छान सूट, छान बूट, आत्या आत्या करत होता. शिवणयंत्र आणि कपड्यांची पेटी काही मावेना, ती शेजारणीला देऊन टाकली. यंत्रावर हल्ली हात चालत नव्हताच. खोली लहान आहे, त्यामुळे झाडायला सोपी. खिडकी माझ्या वाट्याला नाही, पण उजेड वरून येतो. मोरी आणि संडास मजल्यावर सगळ्यांचं मिळून एक. मी लाँड्रीच्या वसतिगृहात तरुणपण काढलं आहे, मला रांगेचं काही नाही.

गंमत सांगते. इथे प्रत्येक दाराला एक लाकडी पाटी टांगलेली आहे. एका बाजूला 'उठले', दुसऱ्या बाजूला 'निजले'. सकाळी उठलं की आपण ती फिरवायची, रात्री परत फिरवायची. कुरोसे नावाचा देखरेख्या आहे, तो येऊन पाहतो. ज्याची पाटी दुपारपर्यंत 'निजले' असेल त्याचं दार वाजवायचं. याचे वेगळे पैसे आमच्या खर्चातून कापतात, देखरेख म्हणून. मला कल्पना आवडली. माझ्या उठण्याची दखल घेणारं माणूस माझ्या आयुष्यात आईनंतर कुणी नव्हतं.

शेजारी ओगातासान म्हणून आहेत. उंच इमारतींच्या परांच्या बांधायचे. पाय मोडला तेव्हा काम सुटलं. दिवसभर रेडिओ, सुमोच्या कुस्त्या लागल्या की आपल्यालाही निकाल कळतो. सकाळी भिंतीवर दोनदा टकटक करतात, मी पण करते. तुझी संत्री त्यांना दिली, साल वाळवून अंघोळीच्या पाण्यात टाकतात म्हणे.

एकच चमत्कारिक वाटलं. तेत्सुया म्हणाला की आपलं नातं वॉर्ड ऑफिसात सांगू नकोस, उगाच फाटे फुटतात. मी बरं म्हटलं. आपल्याच भाच्याला परका म्हणायला जरा जड गेलं, एवढंच.

पाय जपून टाक, ओल्या पानांवरून घसरतेस. माया कमी करू नकोस.

तुझी,
तोमोए

⁕

वाकायामा,
१२ नोव्हेंबर

ती. वन्संना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमच्या पत्राने जीव भांड्यात पडला, पण रात्री काही शब्द पुन्हा आठवत राहिले. उजेड वरून येतो म्हणजे कसा? छताला काच आहे का? आणि शिवणयंत्र मावेना म्हणजे काय? ते केवढंसं. तुमच्या जुन्या, साडेचार चटया मावतील एवढ्या खोलीत यंत्र, पेटी, आम्ही दोघं नवरा-बायको आणि तुम्ही, सगळे मावलो होतो, तेही पाय पसरून. तेत्सुयाने मला सहा चटयांची खोली म्हणून सांगितलं. मी त्याला विचारलं तर म्हणाला, आत्याला जुन्या घराची सवय आहे, तिला काहीही द्या ती कुरकुरणारच. तुम्ही तर कुरकुर केलेलीच नाही. मग तो कशाबद्दल बोलत होता?

गोधडी आणि खारवलेली उमेची आंबट फळं पाठवते आहे. ओगातासानना पण द्या. पाटीची कल्पना आमच्या गावातही हवी, इथे अर्ध्या घरांत कुणी उठलं की नाही हे कुणालाच कळत नाही.

मला खरं लिहा, वन्सं. माझे कान गेलेत, डोळे नाहीत. कृपा असू द्यावी.

आपली,
शिझुनो

⁕

ओसाका,
१४ जानेवारी २०१८

शिझुनो वहिनीस,
नमस्कार.

तू खरं लिही म्हणालीस. तेव्हा लिहिलं नाही, कारण तुझ्या देवघराशेजारी ते पत्रक लावलेलं मला दिसत होतं. आता लिहिते.

खोली तीन चटयांची आहे. चटया शब्दापुरत्याच, खाली मेणकापड. सहा चटयांच्या खोलीत मधोमध प्लायवूड उभं केलं आहे आणि दोन्ही बाजूंना एकेक म्हातारं ठेवलं आहे. खिडकी ओगातासानच्या बाजूला. प्लायवूड छतापर्यंत जात नाही, म्हणून त्यांच्याकडचा उजेड वरून माझ्याकडे येतो. दोघांसाठीही भाडं मात्र पूर्ण. वॉर्ड ऑफिस एका माणसाच्या खोलीला जास्तीत जास्त जेवढं देतं, बरोबर तेवढंच, एक येन इकडे नाही की तिकडे नाही. मी कुरोसेला एकदा विचारलं की निम्म्या खोलीचं भाडं पूर्ण कसं. तो म्हणाला, आजी, तुमच्या खिशातून काय जातंय? त्यानंतर काहीही मागितलं की हेच उत्तर. गरम पाणी येत नाही, तर तुमच्या खिशातून काय जातंय. मोरी तुंबली, तर तुमच्या खिशातून काय जातंय. वहिनी, गरीब माणसाचा खिसा दाखवून त्याचं तोंड कसं बंद करतात ते मी इथे शिकले.

पण हे सगळं मी गिळलं असतं. पुढचं गिळता येत नाही.

नववर्षाच्या आधी मला ताप आला. अंथरुणातून उठवेना, पाटी फिरवायचं भान कुठलं. ओगातासानची टकटक ऐकू येत नव्हती, पण रेडिओ चालू होता, म्हणून मला वाटलं तेही आजारी असतील. जरा बरं वाटल्यावर बाहेर आले आणि त्यांचं दार वाजवलं. उत्तर नाही. कुरोसेला सांगितलं. त्याने मान वर न करता पाटीकडे बोट दाखवलं. 'उठले'. उठून कुठे गेले असतील, म्हणाला. मी ते खरं मानलं, शिझुनो. पाटीवर लिहिलं होतं ना. परत आत येऊन पडले.

मग दुसऱ्या सकाळी बाहेर आले तेव्हा माझ्या स्वतःच्या दाराकडे लक्ष गेलं. माझी पाटी 'उठले'. मी तर कितीतरी दिवसांत तिला हात लावला नव्हता. पलीकडे कुरोसे पुढच्या दारांच्या पाट्या फिरवत चालला होता. कुरोसे सकाळी आला की जिन्यापासून सुरुवात करून सगळ्या पाट्या आपणच 'उठले' करतो आणि संध्याकाळी जाताना सगळ्या 'निजले' करतो. म्हातारी विसरतात, आणि कचेरीतला माणूस आला तर ओळ नीट दिसावी म्हणून. ती पाटी माणूस उठल्याचं सांगतच नाही. कुरोसे कामावर आला एवढंच सांगते. आणि त्याचे पैसे आम्ही देतो.

मी इतकी ओरडले की त्याला दार उघडावंच लागलं. मी पाहिलं, तू विचारू नकोस. थंडीमुळे वास पसरला नव्हता, एवढं लिहून थांबते. रेडिओवर कुणीतरी नववर्षाची गाणी म्हणत होतं. माझं डोकं आणि त्यांचं डोकं यांच्यामध्ये एक बोटभर फळी होती आणि तिच्या अलीकडे मी सूप पीत होते.

नगरपालिकेची माणसं येऊन घेऊन गेली. आठवड्यात भिंतींना नवा कागद चिकटवला, नवा माणूस आणला. तेत्सुया आला नाही. त्याने कुरोसेच्या हाती आम्हा प्रत्येकाला लाल घेवड्याच्या सारणाच्या मिठाईचा डबा पाठवला, वर चिठ्ठी, झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. गैरसोय. मी तो डबा झाकणासकट कचऱ्यात टाकला आणि मग हात साबणाने धुतले.

तुझा मुलगा आहे. मला त्याची किळस येते. हे तुला सांगितल्याशिवाय तुझी गोधडी अंगावर घेववत नव्हती.

तोमोए

⁕

वाकायामा,
१८ जानेवारी

चि. तेत्सुया यास,
अनेक आशीर्वाद.

आत्यांचं पत्र आलं. त्यात काय असेल ते तुला ठाऊक असणार. मला तीन गोष्टी कळव. खोली किती चटयांची आहे? मधली भिंत कुणाच्या सांगण्यावरून घातली? आणि ओगाता नावाचे गृहस्थ गेले तेव्हा तू कुठे होतास?

फोन करू नकोस. फोनवर तू मोठ्याने बोलतोस आणि मी हो हो म्हणते. मला हे वाचायचं आहे.

आई

⁕

ओसाका,
२५ जानेवारी

ती. आईस,
तेत्सुयाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तू तिकडे एकटी असतेस, आत्या भडक लिहिते आणि तू मनाला लावून घेतेस. म्हणून शांतपणे लिहितो.

पहिलं म्हणजे ती भिंत नाही. भिंत घालायला परवानगी लागते. ते कपाट आहे, दोन्ही बाजूंनी एकेक फळी ठोकलेली आहे, हवं तर मोजून बघ. कागदावर खोली सहा चटयांचीच आहे आणि कपाट किती मोठं असावं याबद्दल कुठे काही नियम नाही. माझ्या वकिलाने बघितलं आहे.

दुसरं, आत्याच्या खिशातून भाड्याचा एक येनही जात नाही. सगळं वॉर्ड ऑफिस देतं. मी उद्या भाडं निम्मं केलं तर उरलेले पैसे आत्याला मिळणार आहेत का? ते सरकारकडेच राहणार. मग मी ते सोडून कुणाचं भलं करू? आई, कल्याणवाल्यांना तीन चटया पुरतात. दिवसभर त्यांना करायचं काय असतं? आणि मी नाही म्हटलं तर यांना कोण घेणार आहे? ओसाकातल्या कुठल्याही दलालाला विचार. आत्या स्वतः दारोदार हिंडली होती, तेव्हा मीच उपयोगी पडलो.

ओगातांचं झालं ते दुर्दैवी. त्यांचं वय झालं होतं. कुरोसेने पाट्या फिरवल्या त्या व्यवस्था नीट दिसावी म्हणून. अर्ध्या पाट्या 'निजले' दिसल्या की कचेरीतला माणूस प्रश्न विचारतो आणि सगळ्यांचंच साहाय्य अडकतं. त्याला समज दिली आहे.

शेवटचं तुला आठवण म्हणून लिहितो. इमारत तुझ्या नावावर आहे. मालकीण तू आहेस, माझी कंपनी फक्त ती चालवते. कर्जाचे हप्ते याच भाड्यातून जातात. गेल्या वर्षी तुझं छप्पर झालं, नवा ओटा झाला, नववर्षाला खेकडा पाठवला, ते सगळं कुठून आलं असं तुला वाटलं? ही व्यवस्था बिघडली तर बाबांची टेकडी जाईल. तेव्हा आत्याला जरा समजाव. हवं तर तिला खिडकीची बाजू देतो.

थंडी जप. आशीर्वाद असावा.

तुझा,
तेत्सुया

⁕

वाकायामा,
३१ जानेवारी

ती. वन्संना,
साष्टांग नमस्कार.

तेत्सुयाचं उत्तर आलं. सोबत ठेवते आहे, माझ्या शब्दांत सांगायला गेले तर ते मऊ होईल.

तुमच्या खोलीची मालकीण मी आहे. मला खरंच माहीत नव्हतं. त्या कागदांच्या वेळी मला निम्मं ऐकू आलं नव्हतं हे मी तुम्हाला लिहिलंच होतं.

नववर्षाला त्याने पाठवलेला खेकडा मी एकटीने बसून खाल्ला, वन्सं. पाय मोडून, काडीने कोरून कोरून खाल्ला आणि शेजारच्या नाकाउरांकडे मुलाचं कौतुक केलं. त्याच वेळी ओगातासान त्या फळीपलीकडे होते. काल रात्रीपासून तेच आठवतं. नव्या ओट्यावर मी भाजी चिरत नाही, खाली बसून चिरते. मला क्षमा करा.

आपली,
शिझुनो

⁕

ओसाका,
४ फेब्रुवारी

शिझुनो,

माझ्याकडे क्षमा मागू नकोस. मला द्यायची नाही, आणि ज्याने द्यायची तो नगरपालिकेच्या कपाटात अस्थींच्या एका डब्यात आहे.

कानाचं कारण पुन्हा लिहू नकोस. शिक्का कानाने मारत नाहीत, हाताने मारतात. तुला ऐकू आलं नव्हतं तर थांब म्हणायचं होतंस. मुलाला थांब म्हणायला तू कधीच शिकली नाहीस, दादा असतानाही नाही.

खाली बसून भाजी चिरल्याने इथे कुणाचं गरम पाणी येत नाही. तू मालकीण आहेस. हे वाचून मला आधी इतका संताप आला की मी पत्र चुरगाळलं, मग परत सरळ केलं. म्हटलं, अरे, मालक ओळखीचा निघाला. इतके महिने आम्ही सगळे कुरोसेच्या तोंडाकडे बघत होतो.

खिडकीची बाजू मला नको. काय करणार आहेस ते लिही. करणार नसशील तर संत्री पाठवू नकोस आणि पत्रही पाठवू नकोस.

तोमोए

⁕

ओसाका,
११ मार्च

चि. तेत्सुया यास,

पत्राच्या वर गावाचं नाव बघून तू दचकशील. मी इथे येऊन आठवडा झाला. तुझ्या ऑफिसात आले नाही, कारण तिथे बसायला मऊ खुर्ची देतात आणि मऊ खुर्चीत मला लवकर पटतं.

टेकडी नाकाउरांना विकली. त्यांना कधीपासून हवी होती. कर्ज फिटलं, बँकेतल्या मुलीने सगळं मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, या वेळी एकही ओळ न वाचता शिक्का मारला नाही. तुझ्या बाबांनी लावलेली झाडं दुसऱ्याची झाली. बांधावरून परत येताना रडले. पण ते रडणं स्वच्छ होतं, खेकड्यासारखं अंगावर आलं नाही.

तुझ्या कंपनीचा करार मी संपवला आहे, तसा कागद तुला वकिलाकडून येईल. कुरोसेला कामावरून काढलं. तो म्हणाला, मालकीणबाई, तुमच्या खिशातून काय जातंय? सवयीने तोंडातून निघालं असावं, मग त्याचं त्यालाच कानकोंडं झालं.

वन्संना घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेले आणि सांगितलं की ती भिंत आहे. दोनदा सांगितलं. तिथल्या तरुण मुलाला वाटलं मी तक्रार करणारी भाडेकरू आहे, तो समजूत घालायला लागला. मी मालकीण आहे आणि माझ्याच घराबद्दल सांगते आहे म्हटल्यावर त्याने साहेबाला बोलावलं. जादा घेतलेलं भाडं परत करावं लागेल, ते हप्त्याने भरायचं ठरलं आहे. त्यातला निम्मा हप्ता तुझा. आपण नातेवाईक आहोत हेही मी सांगून आले, पुढे काही फाटे फुटायचे असतील तर फुटू देत.

ओगातासानच्या खोलीत तू घातलेला माणूस, काय घडलं होतं ते कळल्यावर निघून गेला. तिथे आता मी राहते. खिडकी माझ्याकडे आहे. वन्सं पलीकडे आहेत. माझ्याशी कामापुरतं बोलतात, त्याहून जास्त नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांचा खोकला मात्र मला रात्रभर ऐकू येतो, मला बहिरीला, एवढं तुझं कपाट जाड आहे.

आता तुझं काम. हत्यारं घेऊन ये. माणसं पाठवू नकोस, तू ये. पहिल्यांदा आमच्या दोघींमधली फळी काढायची, मग वरच्या मजल्यापासून सगळ्या. फळ्या निघाल्या की निम्म्या लोकांना दुसरीकडे खोल्या लागतील. त्या शोधायला त्यांच्याबरोबर तू जायचंस, एकेकाला घेऊन, दलालांकडे. तो चहा देईल, वय विचारेल, मग दातांतून हवा ओढेल. तेव्हा तू त्या माणसाशेजारी बसलेला हवास. जामीनदार म्हणून सही तू करायचीस. वरच्या मजल्यावरच्या मुरानिशीबाई सगळ्यांत थकल्या आहेत, आधी त्यांना घेऊन जा, त्यांना जिना उतरायला वेळ लागतो.

तू लिहिलं होतंस की यांना कोण घेणार आहे. ते खरंच आहे, मी चार दिवस विचारून बघितलं, कुणी घेत नाही. त्याचाच तू धंदा केलास. मी तुला जन्म दिला, तू तान्हा असताना तुझं सगळं काढलं, कधी घाण वाटली नाही. तुझं ते पत्र मात्र मला चिमट्याने उचलावं लागलं.

पत्राच्या वर आशीर्वाद लिहिला नाही, तो विसरून नव्हे. आशीर्वाद मी आता टपालाने पाठवत नाही. हवा असेल तर इथे येऊन घे. खोलीचं दार तुझ्या माणसांनी ठेंगणं केलं आहे, वाकावंच लागेल.

आई